देवमासा आणि जपानचे ताट

नोव्हेंबर 2023 मध्ये, ऐन दिवाळीत, गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे पिल्लू वाळूत रुतले. ग्रामस्थ, वनखात्याचे कर्मचारी, तटरक्षक दलाचे जवान सारेच त्याच्यासाठी झटले. अखेर बोटीने ओढून त्याला समुद्रात सोडले, पण ते वाचले नाही. समुद्र फारसा न पाहिलेल्या आपल्या नाशिककरांनाही ती बातमी वाचून चुटपुट लागली. ज्या प्राण्याच्या नावातच आपण देव घातला, तो जपानमध्ये खाल्ला जातो, हे ऐकले की आपल्याला राग येतो. जगालाही येतो. पण हा वाद वाटतो तितका सरळ नाही.

देवमाशांचा खरा संहार केला तो तेलासाठी. 1930-31 च्या एकाच हंगामात अंटार्क्टिक समुद्रात 29 हजारांवर निळे देवमासे मारले गेले. ती जहाजे मुख्यतः नॉर्वे आणि ब्रिटनची होती. तेलाचा साबण झाला, मार्गारीन झाले. जपान त्या समुद्रात मोठ्या प्रमाणावर उतरला तो नंतर. महायुद्धात बेचिराख झालेल्या त्या देशात खायला अन्न नव्हते, तेव्हा 1946 मध्ये खुद्द अमेरिकन सेनानी मॅकआर्थर यांनी जपानी जहाजांना अंटार्क्टिककडे जायची परवानगी दिली. पुढे शाळेच्या जेवणात मुलांना हेच मांस मिळू लागले. त्या पिढीला देवमासा म्हणजे भुकेच्या दिवसांची आठवण. तेलाची गरज संपल्यावर पाश्चात्त्य देश प्राणिप्रेमी झाले, असे जपानी माणूस म्हणतो, त्यात तथ्य नाही असे कसे म्हणावे? ताटातल्या मांसावरून होणारी भांडणे आपल्यालाही नवी नाहीत.

1982 मध्ये आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाने 25 विरुद्ध 7 मतांनी व्यापारी शिकारीवर बंदी घातली. भारताने बंदीच्या बाजूने मत दिले. जपानने मात्र पळवाट शोधली. 1946 च्या करारात संशोधनासाठी देवमासे मारण्याची मुभा होती. तिचा आधार घेऊन शिकार चालूच राहिली आणि मांस बाजारात येत राहिले. आंदोलकांच्या बोटी अंटार्क्टिकमध्ये शिकारी जहाजांना आडव्या जाऊ लागल्या. 2010 मध्ये ऑस्ट्रेलियाने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. 31 मार्च 2014 रोजी 12 विरुद्ध 4 मतांनी निकाल जपानच्या विरोधात गेला. बहुमतात आपले न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते. 2005 पासून सुमारे 3,600 मिंक देवमासे मारून शास्त्रीय फलित तुटपुंजेच, असे न्यायालयाने नोंदवले. भुकेची कहाणी खरी असली तरी संशोधनाचे हे सोंग कोणाच्याच पचनी पडणारे नव्हते.

जपानने 2019 मध्ये आयोगच सोडला आणि 1 जुलैपासून उघडपणे व्यापारी शिकार सुरू केली. गंमत अशी, की त्याच वेळी त्याने अंटार्क्टिकमधली शिकार थांबवली. आता ती जपानच्याच समुद्री हद्दीत चालते. 2024 मध्ये नवे मोठे जहाजही पाण्यात उतरले.

मांस खाणारे मात्र उरले नाहीत. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला दोन लाख टनांवर असलेला खप काही हजार टनांवर आला आहे. आंदोलकांच्या धास्तीने मोठी दुकाने हे मांस ठेवायला कचरतात, अशी शिकारी कंपनीची तक्रार आहे. म्हणून 2023 मध्ये तिने योकोहामात स्वतःचे दुकान काढले. तिथे विक्रेता नाही. पैसे टाकायचे आणि यंत्रातून देवमाशाच्या मांसाचे पाकीट घ्यायचे.