बर्फवाल्याची वही

आमच्या उमरेडला उन्हाळा पाहुण्यासारखा येत नाही, सावकारासारखा येतो. होळी पेटली की तो दारात उभा. सकाळी दहालाच बाजार ओस पडू लागतो, आणि मे महिन्यात तर दुपारी कावळासुद्धा पंख हलवायचा कंटाळा करतो. पूर्वी लोक दारांना वाळ्याच्या ताट्या बांधीत आणि घरातल्या पोरांना त्यांवर पाणी शिंपायला बसवीत. तीच ताटी आता पत्र्याच्या पेटीत जाऊन बसली आहे. आत पंखा, खाली पाण्याची टाकी, आणि या सगळ्याला आम्ही कूलर म्हणतो. तत्त्व मात्र आजोबांच्या वेळचेच. पाणी वाफ होऊन उडते आणि जाताना हवेतली उष्णता घेऊन जाते.

गेल्या मे महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी रात्री नऊच्या सुमारास येऊन ओट्यावर बसला. कूलर, एसी, फ्रीज दुरुस्त करण्याचे त्याचे दुकान आहे. थंडीत गिझर बसवतो. हाताखाली दोन पोरे. वर्गात असताना हा गणितात हुशार होता, पण वही कधी पुरी नसे.

त्या दिवशी झाले होते असे. एका म्हाताऱ्या बाईंच्या कूलरची मोटर जळाली होती. "दुपारी येतो," असे सांगून याने पत्ता तळहातावर बॉलपेनने लिहून घेतला. दुपारपर्यंत घामाने तळहात कोरा झाला. संध्याकाळी बाईंना ऊन लागून दवाखान्यात न्यावे लागले. बाई बचावल्या, परंतु त्यांच्या मुलाने भर बाजारात याची चारचौघांदेखत अब्रू काढली.

"सर, धावून धावून मरून राहिलो, पण धंदा काही वाढून नाही राहिला," तो म्हणाला. "दुकान काढून टाकतो अन् पुण्याला नोकरी पाहतो."

काय उत्तर द्यावे ते मला सुचेना. अशा वेळी मास्तराला जे सुचते तेच मला सुचले. मी त्याला एक गोष्ट सांगितली. इतिहासाची पदवी माझ्यापाशी नाही, परंतु कादंबरीच्या निमित्ताने जुन्या मुंबईबद्दल वाचताना ही गोष्ट हाती लागली होती.

दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत बोस्टनला फ्रेडरिक ट्यूडर नावाचा माणूस होता. हिवाळ्यात तिकडची तळी गोठतात. तो बर्फ कापून गरम मुलखांत विकावा, असे याने ठरविले. १८०६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने वेस्ट इंडीजमधल्या मार्टिनिक बेटावर पहिले जहाज नेले. लोक हसले. बर्फ पोचला, पण तिथे तो ठेवायला जागा नव्हती आणि त्याचे काय करायचे हे घेणाऱ्याला ठाऊक नव्हते. माल डोळ्यांदेखत वितळून गेला. पुढे कर्जापायी ट्यूडर तुरुंगातही जाऊन आला.

मला या माणसाचे कौतुक वाटते ते त्याच्या हट्टापायी नव्हे. हट्टी माणसे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. ट्यूडरने १८०५ पासूनच एक वही ठेवली होती. तिचे नाव 'आइस हाउस डायरी', म्हणजे बर्फघराची रोजनिशी. बेत, प्रयोग, फजित्या तो त्यात टिपून ठेवी. बर्फ कशात गुंडाळला म्हणजे कमी वितळतो हे त्याने पारखून पाहिले. शेवटी लाकडाचा भुसा सगळ्यांत सरस ठरला, आणि तो तर लाकूडगिरण्यांत फुकटासारखा पडून असे. बोस्टनची जहाजे माल आणायला जाताना पोटात दगड भरून जात. त्या दगडांच्या जागी याने बर्फ भरला. १८२५ च्या सुमारास नॅथॅनिएल वायेथ या त्याच्या जोडीदाराने घोड्याने ओढायचा बर्फ कापण्याचा नांगर काढला. त्यामुळे बर्फाच्या लाद्या एकाच मापाच्या निघू लागल्या. एका मापाच्या लाद्या विटांसारख्या एकमेकींना घट्ट बसतात, मध्ये हवा शिरत नाही, आणि वितळ कमी होते. आणि जिथे बर्फ विकायचा तिथे जाड भिंतींचे बर्फघर असले पाहिजे, हा धडा मार्टिनिकने दिलेलाच होता.

एवढी तयारी झाल्यावर मे १८३३ मध्ये 'टस्कनी' नावाचे जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून कलकत्त्याला निघाले. विषुववृत्त दोनदा ओलांडून चार महिन्यांनी, सप्टेंबरात, ते हुगळीत शिरले तेव्हा त्यात सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता!

पुढच्याच वर्षी हा बर्फ मुंबईत आला. सर जमशेटजी जीजीभाई यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढले आणि यजमान व पाहुणे दोघांनाही पडसे झाले, असा किस्सा सांगतात. पडसे बरे झाले असावे, कारण पुढे मुंबईकरांनी वर्गणी जमवून अपोलो स्ट्रीटवर बर्फघर बांधले. मद्रासचे बर्फघर तर आजही उभे आहे. १८९७ साली स्वामी विवेकानंद तिथे राहिले होते, म्हणून आता ते त्यांचे स्मारक आहे. पुढे यंत्राने बर्फ होऊ लागला आणि हा व्यापार संपला.

"म्हणजे शेवटी बुडालाच ना?" माझ्या विद्यार्थ्याने विचारले.

पोरगा हुशार आहे, हे मी म्हटलेच आहे. बुडाला खरा, पण पन्नास वर्षे चालून, आणि तोही दर तासाला वितळणाऱ्या मालावर. तुझ्या पंपाला तर वितळायची भीती नाही, असे मी त्याला म्हणालो.

मग बोस्टनहून मी त्याला नागपूरला आणले. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. कापूस जवळ, कोळसा वरोऱ्याला, रेल्वे दाराशी. परंतु हवा कोरडी. कोरड्या हवेत सूत तुटते. म्हणून मिलमध्ये हवा दमट ठेवणारी यंत्रे बसविली. पंचवीस वर्षांनी, १९०२ साली, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात विलिस कॅरियर यांनी आजच्या एसीचा पूर्वज बनविला, तोही माणसांसाठी नव्हे, छापखान्यातला कागद दमट हवेत फुगू नये म्हणून. आमच्याकडे हवा ओली करायची, तिकडे कोरडी!

परंतु एम्प्रेस मिलला हवेपेक्षा माणसांनी जास्त छळले. मजूर आज येत, उद्या येत नसत. जमशेटजींनी तेथील कारभार बेझनजी मेहता यांच्याकडे सोपविला होता. हे गृहस्थ मूळचे रेल्वेतले. त्यांना सूत ठाऊक नव्हते, व्यवस्था ठाऊक होती. मजुरांना केवळ दंड करीत बसण्याऐवजी मिलने बक्षिसे ठेवली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा फंड काढला आणि १८९५ मध्ये अपघाताच्या भरपाईची सोय केली. मिल २००२ साली बंद पडली, पण सव्वाशे वर्षे काही थोडी नव्हेत.

"हे टाटा होते, सर. माझ्याकडे दोन पोट्टे अन् एक स्कूटर."

हा मुद्दा बिनतोड होता. तेव्हा मी त्याला मोहन अडवाणींचे सांगितले. १९४३ साली मुंबईत त्यांनी ब्लू स्टार काढली ती दोन माणसांवर, आणि काम काय, तर जुने एसी आणि फ्रीज दुरुस्त करून देणे. म्हणजे तुझेच काम! तो गप्प बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "सर, त्या बर्फवाल्याच्या वहीसारखी वही मिळंल का दुकानात?"

दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेच्या हजेरीपटासारखी एक लांब वही आणली. रकाने मीच आखले: तारीख, नाव, गल्ली, काय बिघडले, कोण गेला, कोणते सामान लागले, पुन्हा जावे लागले काय. शेवटचा रकाना त्याला मुळीच आवडला नाही. परंतु पंधरा दिवसांतच त्या रकान्याने पोल फोडली. कित्येक खेपा केवळ विसरलेले सामान आणायला होत होत्या. त्याने स्कूटरच्या डिकीत चार ठरावीक मापांचे पंप, ताट्यांचे गवत आणि वायरचे वेटोळे कायमचे ठेवले. वृद्ध आणि लहान मुले असलेल्या घरांपुढे लाल फुली केली. ती कामे आधी. दोन पोरांपैकी एक जूनमध्ये तरीही सोडून गेला. दुसऱ्याला त्याने खेपांच्या हिशेबाने वरकड पैसे ठरवून दिले, तो टिकला.

त्या म्हाताऱ्या बाईंकडे तो पावसाळ्यात स्वतः गेला आणि कूलरची टाकी रिकामी करून, आतून डांबर लावून झाकून आला. पैसे घेतले नाहीत. बाईंच्या मुलाने चहा विचारला.

आता दिवाळी आली आहे. कूलर माळ्यावर गेले, गिझरचा हंगाम लागला. परवा त्याच्या दुकानात सहज वही चाळत होतो. एका पानावर माझे नाव दिसले. तारीख एप्रिलची, म्हणजे वही येण्यापूर्वीची, त्याने आठवून लिहिलेली. 'सर, कूलरची टाकी गळते.' पुढचे रकाने कोरे.

"अरे, हे काय?" मी म्हणालो.

"लाल फुली नाही ना, सर," तो म्हणाला, आणि पान्हा पिशवीत टाकून एका गिझरच्या कामाला निघून गेला.