1 जानेवारी 2008 : एका खोट्या तारखेचा माग

जुना कागद हाती आला की मी आधी त्याची तारीख तपासतो. तिथी आणि वार जुळत नसतील तर कागद संशयित. पंचवीस वर्षे हीच सवय. त्यामुळे माझ्याच लॅपटॉपमधले कागद बनावट ठरण्याची वेळ आली तेव्हा झोप उडाली.

2023 च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला. बीड जिल्ह्यात घरोघरी पेट्या, ट्रंका उघडल्या. मला मोडी वाचता येते, म्हणून लोक कागद घेऊन अंबाजोगाईला येऊ लागले. मी ते स्कॅन करून, वाचून परत देत असे. त्यातले काही कागद पाहताना एका वकील मित्राने सहज विचारले, "हे तुम्ही 2008 साली स्कॅन केले? लॅपटॉप तर 2009 मध्ये घेतला म्हणता!" पाहतो तो 41 फायलींवर एकच तारीख : 1 जानेवारी 2008.

त्याच सुमारास मोबाइलचे नेट जोडले तरी संकेतस्थळे उघडेनाशी झाली होती. प्रत्येक ठिकाणी 'सुरक्षित नाही' असा इशारा. दुकानात दाखवले. "मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या," असे उत्तर मिळाले. नवीन घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून घरीच शोधायचे ठरवले.

साधनात शोधतो तसेच इथेही शोधले : दोष कधी दिसतो आणि कधी दिसत नाही? रात्रभर अडॅप्टर लावून ठेवला तर तारीख बरोबर. लाइट गेली की पुन्हा 2008. आमच्याकडे लाइट जायला निमित्त लागत नाही. मग आठवले, मुख्य बॅटरी फुगली म्हणून उन्हाळ्यात मीच काढून टाकली होती. आतला छोटा सेल त्याच्या कितीतरी आधी संपलेला असणार. मोठी बॅटरी त्याचे मरण झाकत होती.

या सेलला इतिहास आहे. 1981 च्या आयबीएम पीसीमध्ये वीज गेल्यावर चालणारे घड्याळ नव्हते. चालू करताच तो तारीख विचारी. कंटाळून नुसते एंटर दाबले की 1 जानेवारी 1980 धरून चाले. 1984 च्या पीसी-एटीमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ आले. त्यातल्या मोटोरोलाच्या चिपमध्ये सालासाठी दोनच आकड्यांची जागा होती. 2000 साल जवळ आल्यावर जगभर उडालेल्या धांदलीचे मूळ अशा काटकसरीत होते. घड्याळाचा ठोका देतो क्वार्ट्जचा स्फटिक : सेकंदाला 32,768 कंपने. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की एक उरतो; तोच सेकंद. मनगटी घड्याळातही बहुधा हाच स्फटिक असतो.

संगणकांचे शकही वेगवेगळे. युनिक्सचा काळ 1 जानेवारी 1970 पासून, डॉसचा 1980 पासून, आणि विंडोजची गणना 1 जानेवारी 1601 पासून. (आदल्याच वर्षी मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला होता.) मराठवाड्यातल्या माणसाला यात नवल वाटू नये. 'इसन्ने तिसैन मया व अलफ' म्हणजे सुहूर सन 1192. त्यात 599 मिळवले की 1791, पण मृगाला सुरू होणारे ते वर्ष जानेवारी ओलांडून पुढे जाते, तिथे 600 मिळवायचे. निजामी फसलीचे वर्ष अझूर महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरात सुरू होई. 1357 फसलीत डोळे मिटून 590 मिळवले तर 17 सप्टेंबर 1948 वर्षभर मागे जातो. मी स्वतः एकदा ही चूक छापली आहे.

अडॅप्टर काढला, स्क्रूंच्या जागांचा फोटो घेतला, मागचे झाकण उघडले. रामच्या पट्टीशेजारी काळ्या आवरणात दोन तारांचा सेल : सीआर2032, व्यास 20 मिलिमीटर, जाडी 3.2. मल्टिमीटरवर 3 व्होल्टऐवजी 1.6. गावातल्या घड्याळ दुरुस्तीवाल्यांकडे गेलो. त्यांनी पट्ट्या आधीच जोडलेला सेल शोधून दिला. "गुरुजी, सेलवर थेट डाग देऊ नका, तापून फुटतो," म्हणाले. पट्ट्यांना जुन्या तारा जोडल्या. लाल धनाकडे, काळी ऋणाकडे. तारीख एकदा हाताने लावली. दुसऱ्या दिवशी लाइट गेली, आली. तारीख जागेवर होती. संकेतस्थळेही उघडली. प्रत्येक संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते. 2008 मधून येणाऱ्या पाहुण्याला ते अजून सुरूच झालेले दिसत नव्हते.

यंत्र सुधारले, पण 41 फायली तशाच होत्या. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोंच्या पोटात कॅमेऱ्याची तारीख असते, ते वाचले. स्कॅनला तो आधार नव्हता. लाइट गेली की घड्याळ पुन्हा मध्यरात्रीपासून सुरू होई, त्यामुळे चार-पाच दिवसांचे काम एकाच दिवसाच्या तासांत एकमेकांवर चढले होते. शेवटी रोजनिशी काढली. 'आज सात कागद, दोन फाटके', 'दुपारी लाइट नाही' अशा नोंदींवरून एकेक फाइल लावत गेलो. तीस लागल्या. तारीख दुरुस्त करताना मूळ फाइल तशीच ठेवली; बदल नकलेत केला आणि कारण शेजारी लिहिले.

अकरा फायली कुठल्या दिवसाच्या ते ठरत नाही. त्यातल्या चार एकाच घरच्या असाव्यात, कागदाची घडी सारखी आहे. त्या घरचे आजोबा अजून हिंडते-फिरते आहेत. दिवाळीनंतर त्यांच्याकडे जाऊन, मूळ कागद पुन्हा मागायचा आहे.