रक्तपेशी अडकतात तेव्हा

रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या थंड पाण्यात दिवसभर वाकून राहिलं की कंबर सगळ्यांचीच दुखते. पण एखाद्या पोरीचे हात, पाय, छाती अशी दुखायला लागते की ती रात्रभर कण्हते. डोळे पिवळे पडतात. घरचे म्हणतात, कामाचा कंटाळा आहे. सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरी आणि पलीकडे गडचिरोली, आपल्या या धानाच्या पट्ट्यात अशा दुखण्यामागे पुष्कळदा सिकलसेल असतो. आज त्याची औषधं सांगत नाही. रक्ताच्या तांबड्या पेशी आत काय करतात हे माणसाला कसं कळत गेलं, आणि त्यात सोनोग्राफी कुठून आली, ते सांगते.

आधी एक फरक लक्षात घ्या. साध्या, निरोगी रक्तातल्या पेशीसुद्धा एकमेकींना चिकटतात. रक्त संथ झालं की त्या एकावर एक बसतात, नाण्यांची चळत लावावी तशा. रक्त जोरात वाहू लागलं की चळत मोडते. 1918 च्या सुमारास स्वीडनमधल्या रॉबिन फोरेयस या डॉक्टरांना दिसलं की गरोदर बाईचं रक्त नळीत उभं ठेवलं तर पेशी लवकर तळाला जातात. त्यांना वाटलं, दिवस गेल्याची खूणच सापडली! पण तसं आजारपणातही होत होतं, कारण चळती मोठ्या झाल्या की त्या जड होऊन खाली बसतात. आपल्या रिपोर्टवर 'ईएसआर' लिहिलेलं असतं, ती हीच तपासणी. तिच्या मुळाशी गरोदर बाया आहेत.

सिकलसेलमधलं अडकणं वेगळं. तिथे पेशीचाच आकार बिघडतो. 1904 मध्ये ग्रेनाडा बेटावरून वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा तरुण दातांचा डॉक्टर व्हायला शिकागोला गेला आणि आजारी पडला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं रक्त पाहिलं, तर त्यात लांबट, वाकड्या पेशी. त्यांचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये ते छापलं आणि पेशींना विळ्याची उपमा दिली. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, म्हणजे धान कापायचा आपला इळाच. नोएल शिकून घरी परतला, दवाखाना चालवला आणि 1916 मध्ये न्यूमोनियाने गेला. आजाराच्या इतिहासात डॉक्टरांचं नाव लगेच आलं. ज्याच्या रक्तावर हे सगळं उभं राहिलं, त्याचं नाव यायला पुष्कळ वर्षं लागली.

निरोगी पेशी मधे चेपलेल्या पुरीसारखी मऊ असते, बारीक नसेतून वाकून निघून जाते. विळ्यासारखी झालेली पेशी कडक असते. ती नसेच्या भिंतीला चिकटते, तिच्यामागे दुसऱ्या अडकतात, पुढचा रक्तपुरवठा थांबतो आणि वेदना उठते. थंडी, ताप, पाणी कमी पिणं, अंगाबाहेरचे कष्ट, यांनी हे वाढतं. रोवणीत तर या सगळ्या गोष्टी एकत्र येतात.

1949 हे वर्ष आपण बायांनी पाठ करावं असं मला वाटतं. त्या वर्षी लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनमध्ये आहे. त्याच वर्षी जेम्स नील यांनी दाखवलं की पूर्ण आजार व्हायला आई आणि बाप दोघांकडून तो गुण यावा लागतो. दोघंही वाहक, म्हणजे 'एएस' असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल 'एसएस' होण्याची शक्यता चारात एक. विज्ञानाने हे सांगून पंचाहत्तर वर्षं उलटली, तरी सून घरात आली आणि आजार घेऊन आली, हे बोलणं आपल्या अंगणात अजून ऐकू येतं.

भारतात हा आजार 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये लेहमन आणि कटबुश यांनी नोंदवला. आपल्या भागाची नोंद 1958 ची. नागपूरचे शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिलं. पुढे गोंड, माडिया, परधान, बौद्ध, कुणबी, तेली अशा कितीतरी समाजांत तो सापडला. त्यामुळे तो अमक्याच जातीचा आजार आहे, या बोलण्यात अर्थ नाही. तो मलेरियाच्या मुलखाचा आहे. 1954 मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत दाखवलं की वाहक मुलांना मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं. जंगलपट्टीत हा गुण पिढ्यान् पिढ्या का टिकला, याचं उत्तर तिथे आहे.

योग असा की त्याच 1958 मध्ये, त्याच 'लॅन्सेट'मध्ये, ग्लासगोचे डॉ. इयान डोनाल्ड यांचा सोनोग्राफीवरचा लेख आला. कारखान्यात लोखंडातली चीर आवाजाने शोधायचं यंत्र होतं, ते त्यांनी बायांच्या पोटावर लावून पाहिलं. एका बाईला पोटाचा असाध्य कॅन्सर आहे असं सगळे धरून बसले होते. या यंत्राने दाखवलं की ती पाण्याची मोठी गाठ आहे. ऑपरेशन झालं, बाई वाचली.

आपल्याकडे सोनोग्राफी म्हटलं की 'मुलगा की मुलगी' हेच आठवतं, कारण या यंत्राचा तसा गैरवापर झाला. महाराष्ट्राने 1988 मध्ये देशात सगळ्यात आधी त्याविरुद्ध कायदा केला, मग 1994 मध्ये केंद्राचा आला. पण यंत्राचा दोष नाही. त्याच कायद्यात गर्भाला सिकलसेलसारखा हिमोग्लोबिनचा आजार आहे का, हे तपासायला परवानगी आहे.

आता आवाजाने रक्त कसं कळतं ते बघा. सोनोग्राफीचा आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही इतका बारीक असतो. तो पेशींवर आपटून परत येतो. 1976 मध्ये अमेरिकेत शंग, सिगेलमन आणि रीड यांनी रक्तातून परतणाऱ्या या आवाजाचं मोजमाप केलं. सुट्या पेशींचा प्रतिध्वनी अगदी क्षीण असतो, चळत मोठी झाली की वाढतो. 1980 च्या दशकात बर्नार्ड सिगेल यांनी दाखवलं की रक्त संथ झालं की ते पडद्यावर उजळ दिसतं, चुलीच्या धुरासारखं घोळत. तो धूर म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या तांबड्या पेशी. सुई न टोचता पेशींचं चिकटणं असं दिसू लागलं.

सिकलसेलच्या पोरांना मात्र याच आवाजाच्या दुसऱ्या एका गुणाने वाचवलं. सिंदेवाही स्टेशनवरून न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा ऐकला असेल. गाडी जवळ येताना तो बारीक वाटतो आणि पुढे गेली की जाड होतो. ख्रिस्तियन डॉपलर यांनी 1842 मध्ये हा नियम मांडला. धावत्या पेशीवरून परतणारा आवाजही असाच बदलतो, त्यावरून रक्ताचा वेग काढता येतो. 1982 मध्ये रून आस्लिड यांनी कवटीच्या पातळ जागेतून मेंदूच्या नसांमधला वेग मोजून दाखवला. पाण्याच्या पाईपचं तोंड बोटाने दाबलं की धार जोरात उडते ना, तसं नस अरुंद झाली की रक्ताचा वेग वाढतो. म्हणजे पोरगं हसतंखेळतं असतानाच आतला धोका कळतो.

अमेरिकेत रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी 2 ते 16 वर्षांची, सेकंदाला 200 सेंटिमीटर किंवा जास्त वेगाची 130 मुलं घेतली. निम्म्यांना नियमित रक्त दिलं, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. नेहमीच्या उपचारांच्या गटात 11 मुलांना झटका आला, रक्त दिलेल्या गटात एकालाच. फरक इतका मोठा होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. 1998 मध्ये हे छापून आलं.

आपल्याकडे काय? गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी 1986 मध्ये 'सर्च' सुरू केल्यावर सिकलसेलचा अभ्यास केला. हा प्रश्न लोकांनी मांडला नव्हता, आम्ही निवडला होता, हे डॉ. बंग यांनी पुढे स्वतःच सांगितलं. मला हे मोठेपणाचं वाटतं. आपल्या भागातून रक्ताचे नमुने खूप गेले, त्या मानाने कागद परत कमी आले. नागपूरच्या शासकीय महाविद्यालयातल्या डॉ. दीप्ती जैन यांच्या कामातून हेही दिसलं की मध्य भारतातला सिकलसेल सौम्य असतो ही जुनी समजूत खरी नाही. 1 जुलै 2023 पासून केंद्राची सिकलसेल मोहीम सुरू आहे, 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी करायची आणि 2047 पर्यंत आजार संपवायचा, असं ठरलं आहे.

डॉपलरची ही तपासणी तालुक्याच्या दवाखान्यात मिळत नाही. ज्यांच्या घरी 'एसएस' मूल आहे त्यांनी जिल्ह्याच्या किंवा नागपूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात गेल्यावर 'मेंदूच्या नसांची डॉपलर सोनोग्राफी' एवढे शब्द बोलून विचारावं. कागदावर लिहून नेलं तरी चालेल. आणि ज्यांचं रक्त अजून तपासलेलं नाही, त्यांची साधी सिकलसेल चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होते. गटाच्या पुढच्या बैठकीत आशाताईंना बोलवा, दिवस त्याच सांगतील. लग्न ठरायच्या आधीच्या पोरापोरींची नावं आधी द्या, पोरींची जेवढी तेवढीच पोरांचीही.