फारियाचे रिकामे हात

पणजीत मांडवीच्या काठानं जाताना जुन्या सचिवालयाच्या, म्हणजे मूळच्या आदिलशाही राजवाड्याच्या शेजारी एक ब्राँझचा पुतळा लागतो. पायघोळ झगा घातलेला एक पाद्री हात पसरून उभा आहे आणि त्या हातांखाली एक स्त्री मागे कलंडते आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत, साल १९४५. पुतळा देखणा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ते हात त्या पाद्र्यावर अन्याय करतात, असं मला वाटतं. आपल्या हातातून काहीही निघत नाही, हेच तर तो पॅरिसच्या लोकांना परोपरीनं सांगत होता!

हा आबे फारिया. जुझे कुश्तोदियु द फारिया. जन्म १७५६, बार्देशातल्या कांदोळी गावचा. आईवडील वेगळे झाले. वडील पाद्री झाले, आई जोगीण होऊन मठात गेली, आणि पंधरा वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर १७७१ मध्ये लिस्बनला निघाला. पुढं रोममध्ये शिकून तोही पाद्री झाला आणि १७८८ मध्ये फ्रान्सला पोचला. राज्यक्रांतीच्या धामधुमीतून तो कसा तरला, ही वेगळी कादंबरी होईल. अलेक्झांडर द्यूमानं 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो'त याचंच नाव एका कैदी पाद्र्याला दिलं. पण ती द्यूमाची कल्पना. खरी गोष्ट कमी रंगतदार नाही.

त्या काळच्या पॅरिसवर फ्रान्झ आंटन मेस्मर या वैद्याची छाप होती. विश्वात एक अदृश्य प्रवाह आहे, तो आपल्या हातातून रोग्याच्या अंगात जातो आणि रोग बरा होतो, असं मेस्मर सांगे. १७८४ मध्ये राजानं याची चौकशी लावली. समितीत बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लावाझिये होते. फ्रँकलिनच्या बागेत एका झाडात 'प्रवाह' भरला आणि डोळे बांधलेल्या एका मुलाला झाडाझाडापाशी नेलं. मुलगा बेशुद्ध पडला खरा, पण भलत्याच झाडापाशी! समितीनं निकाल दिला, की प्रवाह वगैरे काही नाही, हा सारा कल्पनेचा खेळ आहे. आणि फाईल बंद केली.

फारियानं तीच फाईल उघडली. कल्पनेचा खेळ म्हणता? मग त्या खेळात एवढी ताकद कुठून आली?

१८१३ पासून तो पॅरिसमध्ये दर गुरुवारी प्रयोग करू लागला. (आमच्याकडे दर्ग्यावर गर्दी होते, तोच वार.) प्रवेशाला पाच फ्रँक. माणसाला खुर्चीत बसवायचा, डोळे मिटायला सांगायचा, झोपेचा विचार करा म्हणायचा आणि मग एकदम ठाम आवाजात आज्ञा द्यायचा, 'झोपा!' लोहचुंबक नाही, मंत्र नाही. काहींना गुंगी येई, काहींना येत नसे. ज्यांना येत नसे त्यांना तो सरळ सांगे, की तुम्ही यातले नव्हेत. हे सारं माझ्यामुळं घडत नाही, झोपणाऱ्याच्या आतून घडतं, असं तो प्रेक्षकांना बजावी. आता पाच फ्रँक देऊन आलेल्या माणसाला हे कसं रुचावं? त्याला चमत्कार हवा होता. काही धर्मगुरूंना यात सैतान दिसला, मेस्मरच्या चेल्यांना धंद्यावर पाणी पडलेलं दिसलं. एका नटानं झोपेचं सोंग घेऊन त्याची फजिती केली आणि १८१६ मध्ये रंगभूमीवर त्याची टवाळी करणारं नाटकही आलं. १८१९ मध्ये त्याच्या ग्रंथाचा पहिला खंड निघाला आणि त्याच वर्षी तो वारला. ग्रंथातलं सगळंच टिकलं नाही. ज्यांचं रक्त पातळ त्यांना गुंगी लवकर येते, हे त्याचं म्हणणं आज कुणी मानत नाही. मूळ मुद्दा मात्र टिकला. स्कॉटलंडच्या जेम्स ब्रेडनं १८४३ मध्ये 'हिप्नॉटिझम' हा शब्द रूढ करणारं पुस्तक लिहिलं, आणि पुढं फ्रान्समधल्या नान्सी गावच्या डॉक्टरांनी सूचनेच्या सामर्थ्यावरच आपली उपचारपद्धती उभी केली.

मी कविता लिहितो, म्हणून मला यात नवल वाटत नाही. संमेलनात एखाद्या ओळीनं शेवटच्या रांगेतल्या माणसाचे डोळे भरून येतात. तीच ओळ ऐकताना पहिल्या रांगेतले पाहुणे घड्याळ बघत असतात.

लोकलच्या डब्यातल्या वशीकरणाच्या जाहिराती वाचल्या, की मात्र मेस्मर अजून जिवंत आहे असं वाटतं. संमोहन उपचाराला जाणाऱ्याच्या मनातही तीच भीती असते: मी झोपेन, आणि दुसरा कुणी माझ्या मनाचा ताबा घेईल. तसं होत नाही. आधी डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ तुमची हकिकत ऐकतो. मग श्वासाकडे किंवा एखाद्या दृश्याकडे लक्ष लावायला सांगतो. ही झोप नव्हे. आवाज ऐकू येतात, नको वाटलं तर उठून जाता येतं. वेदना, शस्त्रक्रियेआधीची धास्ती, काही जुनाट पोटदुखी यांत याचा उपयोग दिसला आहे. १८४५ मध्ये हुगळीला जेम्स एस्डेल या सर्जननं भुलीचं औषध यायच्या आधी अशाच गुंगीत शस्त्रक्रिया केल्या होत्या. तोही बिचारा श्रेय प्रवाहालाच देत राहिला.

पण मधुमेहाची गोळी बंद करा, असं कुणी सांगितलं तर तिथून उठावं. गेल्या जन्माची किंवा लहानपणची विसरलेली आठवण काढून देतो म्हणणाऱ्यापासून तर जपून राहावं. गुंगीत मन खोटी आठवणही खरीसारखी रचतं, आणि मग त्या आठवणीपायी घरात भावाभावांत, लेकीबापांत वैर उभं राहू शकतं. सगळ्यांवर सारखा परिणाम होत नाही, हेही पहिल्याच भेटीत ऐकायला मिळालं पाहिजे. फारिया ते सांगत असे.

चांगला उपचारक काही बैठकींनंतर हे सारं रोग्याला स्वतःलाच घरी करायला शिकवतो आणि पुढची तारीख देत नाही.