कलमांचे गाव

शाळेच्या इतिहासात पानिपत होते, प्लासी होती, शेंदूरजनाघाट नव्हते. पत्त्यात मात्र 'घाट' लिहायलाच लागे, कारण शेंदूरजना बाजार तिकडे तिवसा तालुक्यात आहे. आपला घाट सातपुड्याचा, पलीकडे मुलताई, पांढुर्णा. 1853 साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे आले. 1956 साली वऱ्हाड मुंबई राज्यात आले, मुलताई मध्य प्रदेशात राहिली. सोयरिकींना ही रेघ कधी कळलीच नाही. त्या भागातले भोयर पवार आपले मूळ माळव्यातल्या धारचे सांगतात.

पण बाहेरून येऊन इथे सगळ्यात घट्ट रुजले ते संत्रे. नागपूरकर भोसल्यांच्या काळात ते विदर्भात आले, असे मानतात. आपल्या गावाने मात्र फळापेक्षा कलमांवर नाव कमावले. जंभेरीचे बी गादीवाफ्यावर टाकायचे, रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की त्यावर संत्र्याचा डोळा भरायचा. आमच्या वर्गातली मुले हे काम भूमितीच्या रचनेपेक्षा सुबक करीत. मला दोन्ही जमले नाही. इथली कलमे परप्रांतांतही गेली.

बागा वाढल्या आणि पाणी खाली गेले. विहिरी आटल्या, मग बोअर आले, तेही खोल खोल होत गेले. वरूड-मोर्शी भाग भूजलाच्या अतिउपशात मोजला जाऊ लागला. मागच्या फेरीत एका वाळलेल्या बागेत थांबलो. वरचे संत्रे गेले होते. बुंध्यातून जंभेरीचे काटेरी फुटवे वर आले होते.