ध्वनिलेखकाचा करार

सन १९३१ च्या मार्च महिन्याच्या १४ तारखेस मुंबईंत, गिरगांवांतील मॅजेस्टिक चित्रगृहांत, ‘आलम आरा’ हा बोलपट प्रथम दाखविला गेला. त्या दिवशीं लोटलेल्या गर्दीची हकीकत पुष्कळदां सांगितली जाते. परंतु त्याच बोलपटाच्या निर्मितींत मालक आणि यंत्रज्ञ यांच्यामध्यें जो एक लहानसा व्यवहार झाला, त्याची आठवण क्वचितच काढली जाते. ध्वनिलेखकाच्या धंद्याचा इतिहास पाहतां त्या व्यवहाराचें महत्त्व थोडें नाहीं.

इंपीरियल फिल्म कंपनीचे अर्देशीर इराणी यांनीं ‘टॅनार’ नांवाचें ध्वनियंत्र परदेशाहून मागविलें. तें जोडून देण्याकरितां विल्फर्ड डेमिंग हे अमेरिकन तज्ज्ञ मुंबईस आले. स्टुडिओजवळून आगगाड्या जात. म्हणून गाड्यांची वर्दळ थांबली म्हणजे मध्यरात्रीनंतर ध्वनिलेखन करावें लागे. डेमिंग यांचा दर दिवसाला १०० रुपये होता. त्या काळीं ही रक्कम फार मोठी. ती इराणींना परवडेना. तेव्हां त्यांनीं व रुस्तुम भरुचा यांनीं डेमिंग यांच्यापासूनच यंत्राचीं मूलतत्त्वें शिकून घेतलीं आणि ध्वनिलेखन स्वतःच पार पाडलें.

यांत दोष कोणाचाच नव्हता. दुर्मिळ विद्येला चांगलें मोल येतें, पण ती विद्या दुसऱ्यास अवगत झाली कीं मोल उतरतें. एकट्यानें केलेल्या सौद्याचा पाया एवढाच असतो.

डेमिंग यांच्या स्वदेशीं हाच धडा दोन वर्षांनीं ध्वनिलेखकांच्या सबंध वर्गास मिळाला. १९२७ सालच्या ‘द जॅझ सिंगर’ या चित्रपटानंतर हॉलिवुडला ध्वनीचे जाणकार हवेसे झाले, आणि टेलिफोन व रेडिओच्या धंद्यांतून पुष्कळ लोक तिकडे वळले. १९३० सालीं त्यांनीं नाट्य व चित्र व्यवसायांतील कामगारसंघाची ६९५ क्रमांकाची शाखा काढली. मार्च १९३३ मध्यें अमेरिकेंतील बँका बंद पडल्या, तेव्हां निर्मात्यांनीं आठ आठवड्यांपुरती वेतनकपात सुचविली. ती निम्म्यापर्यंत होती. या संघानें कपात नाकारली व ती त्याच्या लोकांस लागू झाली नाहीं. त्यामुळें उमेद वाढून जुलै महिन्यांत वेतन व कामाच्या अटी यांसाठीं ध्वनिलेखकांनीं कोलंबिया संस्थेंत संप पुकारला. तो लवकरच इतर मोठ्या स्टुडिओंत पसरला. परंतु वीजकामगारांच्या दुसऱ्या एका संघाचीं माणसें रिकाम्या जागीं येऊन बसलीं आणि संप मोडला. मालकांच्या पैशापेक्षां श्रमिकांतील दुहीच येथें अधिक घातक ठरली.

पुढें दोन-अडीच वर्षांनीं संघास मान्यता परत मिळाली; पण तिचे सूत्रधार ब्राऊन व बायोफ हे निर्मात्यांकडून खंडणी घेत होते, आणि १९४१ सालीं दोघेहि त्या गुन्ह्याबद्दल दोषी ठरले. एकी असूनहि तिचा हिशेब उघड नसेल, तर ती कामगाराच्या उपयोगीं पडत नाहीं.

इकडे हिंदुस्थानांत बोलपटाच्या पहिल्या काळांत स्टुडिओ मासिक पगारावर माणसें ठेवीत. दुसऱ्या महायुद्धानंतर ती पद्धति मोडत गेली आणि ध्वनिलेखक एका चित्रापुरता नेमला जाऊं लागला. काम संपतांच नातें संपे. ठरलेली रक्कम केव्हां मिळावयाची, रात्रीच्या जादा तासांचें काय, हें बहुधा तोंडच्या बोलण्यावरच राही. १९५६ सालीं मुंबईंत निरनिराळ्या शाखांच्या चित्रकामगारांचा महासंघ स्थापन झाला. १९८१ च्या कायद्यानें तर ठराविक मर्यादेपर्यंत मोबदला घेणाऱ्या कामगारास लेखी कराराशिवाय कथाचित्राच्या कामावर घेण्यास मनाई केली.

रोजचा दर, कामाचे तास, जादा वेळेचा मोबदला आणि पैसे देण्याची तारीख, एवढ्या चार गोष्टी कागदावर येण्यास पहिल्या हिंदी बोलपटापासून पन्नास वर्षें लागलीं. दुसऱ्यांचा प्रत्येक शब्द जपून ठेवणाऱ्या माणसाला स्वतःस दिलेला शब्द मात्र इतक्या उशिरां जपतां आला.