एका फळीची गोष्ट

आमच्या घरात ‘बोर्ड’ हा शब्द परका आहे असे कधी कुणाला वाटले नाही. आजोबा लोकल बोर्डाच्या शाळेत शिकले, वडील बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाले आणि मी बोर्डाच्या परीक्षेची धास्ती घेतली. दुकानावर बोर्ड, ओट्यावर कॅरमबोर्ड. एकाच शब्दाने इतकी कामे कशी करावीत?

उत्तर शब्दकोशात सापडले. जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे लाकडाची फळी, आणि जहाजाची बाजूही. म्हणून जहाजावर चढणे म्हणजे ‘बोर्ड’ करणे. विमानाचा बोर्डिंग पास त्याच घराण्यातला. जेवायला मांडतात ती फळी म्हणजे टेबल. पुढे टेबलावरचे जेवणही ‘बोर्ड’ झाले. पैसे भरून राहण्याजेवण्याची सोय ती बोर्डिंग. त्याच टेबलाभोवती बसून निर्णय घेणारी मंडळी, तीही बोर्डच!

आपल्याकडे हे दोन्ही अर्थ आले. १७८४ साली ईस्ट इंडिया कंपनीवर देखरेखीसाठी लंडनमध्ये ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ नेमले गेले. हिंदुस्थानचा कारभार ठरवणाऱ्या त्या टेबलाशी हिंदी माणसाला जागा नव्हती. १८८४च्या कायद्याने मुंबई इलाख्यात लोकल बोर्डे आली. आपली माणसे निवडून जाऊ लागली, पण मताचा अधिकार मूठभरांनाच होता.

जेवणाच्या अर्थाने मात्र वेगळेच काम केले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आधार दिला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. मुलांच्या जेवणाची पंचाईत झाली तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्र दिले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते या बोर्डिंगला शाहू छत्रपतींचे नाव मिळाले.

आजोबा सांगत, त्यांच्या वर्गातली काही मुले व्हरांड्यात बसून धडे ऐकत. वडील बोर्डिंगातल्या पंगतीत अशाच घरांतल्या मुलांच्या मांडीला मांडी लावून जेवले. मधे एकच पिढी गेली होती.

बोर्डावर कोण बसते याची बातमी होते. बोर्डिंगात कोण कुणाशेजारी जेवले, याची होत नाही. मला मात्र या शब्दाचा तोच अर्थ सर्वांत मोठा वाटतो.